आजारी माणसाला मदत: मुलांना नेमके काम द्या

‘आजोबांना बरे नाही, त्यांना मदत कर’ एवढेच सांगितले की मुले गोंधळतात. त्याऐवजी वय पाहून एकच ठरावीक काम सोपवावे. उदाहरणार्थ, शेजारच्या आजोबांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ९-१० वर्षांचे मूल त्यांना रोज संध्याकाळी १० मिनिटे वर्तमानपत्र वाचून दाखवू शकते आणि डोळ्यांत थेंब घालण्याची वेळ झाली की आठवणही करू शकते. थेंब मात्र मोठ्यांनीच घालावेत. औषधे दोन असल्यास त्यांच्यात साधारण ५ मिनिटांचे अंतर ठेवायचे असते, हे मुलाला समजावून सांगावे. घड्याळावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी मुलांना भारी आवडते. जाण्यापूर्वी त्याने साबणाने किमान २० सेकंद हात धुवावेत, आणि त्याला सर्दी-खोकला असेल त्या दिवशी भेट टाळून फोनवरच बातम्या वाचून दाखवाव्यात. आजोबा थकलेले दिसले, तर न रेंगाळता परत यायचे, हेही आधीच ठरवावे. चार दिवसांनी मूल कंटाळले, तर रागावू नये. ठरलेल्या वेळी आजोबा वाट पाहत असतात, एवढेच सांगून त्या दिवशी आपण त्याच्यासोबत जावे.