गाडी उंच करताय? स्प्रिंग आणि शॉक निवडताना या चुका टाळा

"किती इंच लिफ्ट करू?" हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि पहिली चूक तिथेच होते. इंच मागून ठरतात. गाडीवर कायम किती वजन असणार, टायर कोणत्या मापाचे हवेत आणि चाक वर-खाली किती जातं, एवढं मोजलं की इंचांचा आकडा आपोआप निघतो.

सॉलिड एक्सलच्या (दोन्ही बाजूंची चाकं एकाच आडव्या सांगाड्याला जोडलेल्या) गाडीत लांब स्प्रिंग घातली तर बॉडी वर जाते, एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा (दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर असलेला फुगीर भाग) मात्र जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. तो उचलतात फक्त टायर, आणि तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेच. 31 इंची काढून 33 इंची टायर घातले तर गोळा 1 इंच वर जातो. त्यामुळे नेहमीच्या कच्च्या वाटांवर चालवणाऱ्याला 2 इंच लिफ्ट पुरते असं माझं ठाम मत आहे. त्यापुढचा प्रत्येक इंच आणखी चार पार्ट बदलायला लावतो.

उद्याच्या वजनासाठी आज स्प्रिंग घेणं

ही चूक मी स्वतः केली. विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) आणि लोखंडी बंपर पुढे कधीतरी बसवायचे होते, म्हणून मी आधीच जड वजनाच्या स्प्रिंग घातल्या. विंच यायला वर्ष गेलं. तोवर गाडीचं नाक वर आणि लहानशा खड्ड्यातही दणका थेट पाठीत. स्प्रिंग चांगलीच होती, तिला दाबायला वजन नव्हतं. म्हणून टाकी भरून, नेहमीचं सामान ठेवून गाडी वजनकाट्यावर न्या आणि पुढचा व मागचा एक्सल वेगवेगळा तोला. जे वजन रोज गाडीवर असतं, त्याच्याच हिशोबाने स्प्रिंग घ्या.

जुन्या शॉकवर भागवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लांब स्प्रिंगबरोबर मूळचे शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या नळ्या) ठेवले की चाक खाली लोंबताना 'ठक्' असा आवाज येतो. शॉक पूर्ण ताणला गेलेला असतो आणि एक्सलचं सगळं ओझं त्याच्यावर लटकतं. थोड्याच दिवसांत त्याचा माउंट (तो जिथे बसतो ती जोडणी) तरी तुटतो, नाहीतर सील गळायला लागतं. उलट बाजूने, हौसेने फार लांब शॉक घेतले तर चाक वर येताना बंप स्टॉपर (चाकाची वर येण्याची हद्द ठरवणारा रबरी ठोकळा) टेकायच्या आधी शॉकच आतून आपटतो.

यावर टेपने मोजण्याशिवाय उपाय नाही. स्प्रिंग काढा, चेसिस स्टँडवर भक्कम टेकवा आणि जॅकने एक्सल बंप स्टॉपरपर्यंत उचला. वरच्या माउंटपासून खालच्या माउंटपर्यंतचं अंतर लिहून घ्या. मग चाक पूर्ण खाली सोडून पुन्हा मोजा. शॉकची मिटलेली लांबी पहिल्या मापापेक्षा कमी आणि उघडलेली लांबी दुसऱ्यापेक्षा जास्त हवी. शॉक आधीच बसवलेले असतील तर उघड्या दांड्यावर एक बारीक केबल टाय बांधा, शॉकच्या नळीला टेकवा आणि वाईट रस्त्यावर फेरी मारून या. नळीने तो टाय जिथवर ढकलला तिथवर शॉक मिटला. टाय दांड्याच्या टोकाला जाऊन बसला असेल तर शॉक आत आपटतो आहे, बंप स्टॉपर लांब करा.

एका उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा डोलत राहिली, तर नव्या स्प्रिंगची उसळी आवरण्याइतका दम शॉकमध्ये नाही.

स्टेअरिंग भरकटतं म्हणून डॅम्पर बदलणं

लिफ्टनंतर सॉलिड एक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मग वळणानंतर स्टेअरिंग आपण होऊन सरळ येत नाही आणि सरळ रस्त्यावरही गाडी इकडेतिकडे ओढते. मोठा स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगची थरथर आवरणारा छोटा शॉक) लावल्याने फक्त लक्षण झाकलं जातं. कॅस्टर सुधारणारे बुश (सांध्यातले रबर) किंवा एक्सलला धरून ठेवणारे योग्य मापाचे आर्म घाला. पॅनहार्ड रॉडमुळे (एक्सलला चेसिसशी आडवा जोडणाऱ्या दांड्यामुळे) लिफ्टनंतर एक्सल एका बाजूला सरकतो, तेव्हा दोन्हीकडे टायर बॉडीबाहेर किती येतो तेही मोजा. फरक दिसला तर लांबी बदलता येणारा रॉड लागेल.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) असेल तर

स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या भागाच्या) वर 1 इंचाचा स्पेसर, म्हणजे जाड चकती, घातला तर गाडी 1 इंचापेक्षा जास्त उचलते, कारण स्ट्रट खालच्या आर्मच्या टोकावर नसून मध्ये कुठेतरी बसलेला असतो. जाड स्पेसरने वरचा बॉल जॉइंट त्याच्या कोनाच्या शेवटाला जातो आणि सीव्ही जॉइंटचे (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचे) रबरी बूट घासून फाटतात. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं की बूट आधी बघा.

पाट्यांच्या स्प्रिंगच्या गाडीत

पुढच्या एक्सलला ब्लॉक (पाटा आणि एक्सलच्या मध्ये घालायचा ठोकळा) कधीही नाही. मागेही एकावर एक ब्लॉक रचू नका. 2 इंच लांब शॅकलने (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीने) साधारण 1 इंचच लिफ्ट मिळते. पाटा एक्सलला आवळणारे यू बोल्ट एकदा सोडले की नवेच घाला.

शेवटी जे राहून जातं

चाक पूर्ण खाली सोडून आणि स्टेअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून ब्रेकचे होज (रबरी नळ्या) व एबीएसच्या वायरी बघा, ताण दिसला तर लांब होज हवेत. मागे वजनानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा ब्रॅकेट तेवढाच सरकवा. नाहीतर त्याला गाडी कायम रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळू नका. असा आवळलेला बुश मी उघडून पाहिला आहे. गाडी खाली येताच रबराला पीळ बसला होता, आणि काही महिन्यांच्या कुरकुरीनंतर ते आतल्या नळीपासून सुटून आलं होतं. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चारदा दाबून बसू द्या आणि मगच टॉर्क पान्याने आवळा. काही शे किलोमीटर चालल्यावर यू बोल्टवर पुन्हा एकदा पाना फिरवा आणि अलाइनमेंट तपासून घ्या.