स्टीम ट्रॅप बसवायचा कसा, सांभाळायचा कसा आणि बायपास बंदच का ठेवायचा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही डाईंगच्या युनिटमागं जाऊन बघा, गटारीवर एखादा पाइप दिवसभर वाफ सोडत असतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, "ट्रॅप काम करत नाही, म्हणून बायपास थोडा उघडा ठेवलाय." ट्रॅप म्हणजे वाफ अडवून तिचं झालेलं पाणी आणि हवा तेवढी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, आणि बायपास म्हणजे त्याला वळसा घालून जाणारा पाइप. थोडा म्हणजे किती ते कुणी मोजत नाही. सात बार प्रेशरच्या वाफेच्या लाइनवर नुसतं तीन मिलिमीटरचं भोक असलं तरी ताशी वीस-पंचवीस किलो वाफ जाते, म्हणजे चोवीस तासांत अर्धा टन, आणि किलोभर कोळशाला चार-पाच किलो वाफ धरली तर रोजचा शंभर किलोच्या वर कोळसा गेला. बायपासची फट तर याच्यापेक्षा कितीतरी मोठी असते. ट्रॅप नीट निवडून नीट बसवला तर बायपासला हात लावायची वेळच येत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी निवड. मेन लाइनच्या ड्रीपला, म्हणजे लाइनमधलं साचलेलं पाणी काढायच्या जागेला, टीडी, म्हणजे चकतीवाला थर्मोडायनॅमिक ट्रॅप लावा, आणि जिगर (कापड रंगवायचं मशीन), सिलेंडर (वाफेनं तापवून कापड सुकवणारा), हीट एक्स्चेंजर असल्या मशीनला फ्लोट, म्हणजे आत तरंगत्या गोळ्यावर चालणारा ट्रॅप. टीडी स्वस्त पडतो म्हणून मशीनलाही तोच लावायचा सल्ला देणारे खूप आहेत, त्यांचं ऐकू नका. टीडी पाणी थांबून थांबून सोडतो आणि सुरुवातीची हवा काढण्यात कच्चा असतो, फ्लोट मात्र पाणी येईल तसं सोडत राहतो आणि त्याच्यातला थर्मोस्टॅटिक एअर व्हेंट हवा काढतो.

साइज लाइन बघून घेऊ नका. "लाइन पाऊण इंची आहे, पाऊण इंची ट्रॅप द्या," असं दुकानात जाऊन सांगणं हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ आहे. समजा जिगरमध्ये पाचशे लिटर पाणी अर्ध्या तासात ३० वरून ९० डिग्रीला न्यायचंय. पाचशे गुणिले साठ, तीस हजार किलोकॅलरी. तीन बारची वाफ किलोमागं साधारण ५१० किलोकॅलरी देते, म्हणजे अर्ध्या तासात ५९ किलो पाणी तयार होणार, ताशी ११८. पण ही झाली सरासरी, गार पाण्यावर सुरुवातीला वाफेचं पाणी फार झपाट्यानं होतं, म्हणून दुप्पट धरा, ताशी २४० किलो. आता कॅटलॉगमध्ये हा आकडा ट्रॅपच्या दोन बाजूंच्या प्रेशरच्या फरकावर बघायचा, बॉयलरच्या प्रेशरवर नाही. फ्लोटचं ऑरिफिस, म्हणजे पाणी सोडायचं भोक, साडेचार, दहा, चौदा बार असं ठरलेल्या फरकासाठी असतं. साडेचारवाला ट्रॅप सात बारच्या लाइनला लावला तर गोळ्याला व्हॉल्व्ह उचलताच येत नाही, ट्रॅप बंद राहतो, आणि मग चांगल्या ट्रॅपला लोक खराब म्हणतात.

मेन लाइनला वाफेच्या दिशेनं शंभरास एक उतार, दर तीस ते पन्नास मीटरला आणि प्रत्येक चढाच्या आधी ड्रीप पॉकेट, म्हणजे पाणी साचायला लाइनच्या खाली जोडलेला पाइपचा तुकडा. पॉकेट चार इंचापर्यंतच्या लाइनला लाइनच्याच मापाचं घ्या, अर्ध्या इंचाचं नळकांडं खाली वेल्ड करून ठेवू नका, पाणी त्याच्यावरून उडून पुढं जातं. ट्रॅपचं कनेक्शन पॉकेटच्या बाजूनं काढा, बुडातून नाही, बुडाशी कचरा बसतो.

बसवायच्या आधी लाइन उघडी ठेवून वाफेनं चांगली फुंकून घ्या, वेल्डिंगचा खडा एकच पुरतो सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती जागा, खराब करायला. टेफ्लॉन टेप पहिले दोन आटे सोडून गुंडाळा, नाहीतर टेपचा तुकडा सुटून नेमका व्हॉल्व्हवर जाऊन बसतो. ट्रॅपच्या आधी गाळणी हवीच. ट्रॅपवरचा बाण बघा, तो पाणी जायच्या दिशेनंच पाहिजे. फ्लोटची बॉडी लेव्हलमध्ये आणि गोळा वरखाली हलेल अशीच पाहिजे.

आता सिलेंडर ड्रायर. मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला तो याच भागात, आणि टॉवेल-चादरीच्या गावात सगळ्यात जास्त वाफ वाया जाते तीही इथंच.

सिलेंडरमध्ये वाफेचं पाणी तळाला साचतं आणि सायफन पाइपमधून वर चढून रोटरी जॉइंटमधून, म्हणजे फिरता सिलेंडर स्थिर पाइपला जोडणाऱ्या जोडातून, बाहेर येतं. अडचण अशी की कधीकधी पाण्याच्या आधी वाफच त्या पाइपमध्ये शिरते. ती ट्रॅपपर्यंत पोचते, ट्रॅप वाफ बघून बंद होतो, आणि ते बरोबरच आहे, त्याचं कामच ते. पण आता वाफ पाइपमध्ये कोंडली. ती थंड होऊन तिचं पाणी होत नाही तोवर मागचं पाणी पुढं सरकत नाही आणि सिलेंडर मात्र आतून भरत राहतो. याला स्टीम लॉक म्हणतात. बाहेरून दिसतं काय, तर कापड ओलं येतंय, मोटारचा अँपिअर चढलाय, कारण ती आता पाण्याचं वजन फिरवतेय. मग ऑपरेटर जाऊन बायपास उघडतो, कोंडलेली वाफ सुटते, पाणी येतं, कापड सुकायला लागतं, आणि सगळ्यांची खात्री पटते की ट्रॅप खराब होता. ट्रॅप ठणठणीत असतो! नवा आणून लावला तरी दुसऱ्या दिवशी तेच होतं.

याला उपाय म्हणजे स्टीम लॉक रिलीज असलेला फ्लोट ट्रॅप. त्याला एक बारीक नीडल व्हॉल्व्ह असतो, कोंडलेली वाफ थोडी थोडी सोडायला. ती नीडल आधी पूर्ण बंद करा, मग पाव फेरा उघडा, मशीन गरम होऊ द्या आणि साइट ग्लासमध्ये, म्हणजे ट्रॅपनंतरच्या लाइनवरच्या काचेच्या खिडकीत, बघत बसा. पाणी सलग येत असेल तर तिथंच सोडा. थांबून थांबून येत असेल तर अजून किंचित उघडा. नुसती वाफच धावत असेल तर मागं घ्या. घाई करू नका आणि एकदा जमलं की नीडलवर रंगाची खूण करा, कारण रात्रपाळीत कुणीतरी ती फिरवतंच.

दुसरी गोष्ट, प्रत्येक सिलेंडरला स्वतःचा ट्रॅप. याच्यावर मी तडजोड करत नाही. चार सिलेंडरला मिळून एक मोठा ट्रॅप लावला की खर्च वाचतो असं सांगणारे फॅब्रिकेटर भेटतात. पण ओलं कापड पहिल्या सिलेंडरवर पडतं, तिथं जास्त वाफेचं पाणी होतं, म्हणून तिथलं प्रेशर खाली जातं. शेवटच्या सिलेंडरला काम कमी, तिथलं प्रेशर चढं राहतं आणि तोच सगळ्यांची कॉमन लाइन दाबून धरतो. पाणी भरतं ते नेमकं पहिल्या सिलेंडरमध्ये, जिथं उष्णता सगळ्यात जास्त पाहिजे तिथं.

हे दोन्ही करूनही ताळ्यावर आलं नाही तर शटडाउनमध्ये सायफन बघा. टोक झिजून आखूड झालं असेल तर तेवढं पाणी आत कायमचं राहतं, आणि पाइपला वरच्या बाजूला भोक पडलं असेल तर वाफ सरळ तिथून शिरते, मग जगातला कुठलाही ट्रॅप लावा. ट्रॅप सिलेंडरच्या जवळ आणि जॉइंटपेक्षा खाली पाहिजे, मधला पाइप ट्रॅपकडं उतरता. सकाळी चालू करताना व्हॉल्व्ह हळू उघडा आणि हवा निघू द्या, हवा आत राहिली तर सिलेंडरनं आतून चादर पांघरल्यासारखं होतं, गेज प्रेशर दाखवतं पण पत्रा तापत नाही. शिवाय झटक्यात उघडलं की पाण्याचा जो हातोडा बसतो त्यानं फ्लोटचा गोळा चेपतो.

ट्रॅपनंतरची लाइन वर चढवायची तर दर मीटरला साधारण ०.१ बार जातो आणि पाणी मागं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लागतो. मशीनच्या ट्रॅपला मात्र मी चढ देऊच नका म्हणतो. गार जिगर वाफ खेचत असतो तेव्हा कॉइलमधलं (त्याच्यातल्या वाफेच्या नळीतलं) प्रेशर पार खाली येतं, पाणी वर ढकलणार कोण? खाली उतरू द्या, टाकीत जमवा, पंपानं बॉयलरकडं पाठवा. फीडचं, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी सहा डिग्री गरम गेलं की साधारण एक टक्का इंधन वाचतं.

तपासणी. ट्रॅपच्या तोंडाशी पांढरी वाफ दिसली म्हणून ट्रॅप बदलू नका. सात बारचं पाणी मोकळ्या हवेत आलं की वजनानं साधारण १३ टक्के आपोआप वाफ होतं, ती फ्लॅश. फ्लॅश मऊ, ढगासारखी, थेंब घेऊन येते. खरी वाफ जोरात सुटते आणि पाइपच्या तोंडाला लागून बोटभर जागेत काहीच दिसत नाही, ढग त्याच्या पुढं सुरू होतो. तिथं हात नेऊ नका, तीच जागा भाजते.

टेंपरेचर गनवर (लांबून तापमान मोजणाऱ्या यंत्रावर) फार विश्वास नको, चकचकीत पाइपवर ती कमी दाखवते, काळा रंग मारून मोजा. आणि वाफ आणि तिचं पाणी जवळपास एकाच तापमानाला असतात, त्यामुळं गरम ट्रॅप चांगला आहे की गळका ते गन सांगत नाही, थंड ट्रॅप तुंबलाय एवढंच कळतं. कानाला लांब स्क्रूड्रायव्हर लावून ऐकणं अजूनही बरं, अल्ट्रासॉनिक आवाज ऐकायचं यंत्र मिळालं तर उत्तम. टीडी मिनिटाला पाच-सहा वेळा टकटक करत असेल तर ठीक, सारखा तडतडत असेल तर चकती झिजली. पावसाळ्यात उघड्यावरचा टीडी थंड पाण्यानं उगाच तडतडतो, त्याला टोपी घाला.

उघडायच्या आधी दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद करून गाळणीच्या कॉकमधून प्रेशर काढा, गेज शून्य दाखवतं म्हणून विसंबू नका. टीडीच्या टोपीला बहुतेक मेकमध्ये पॅकिंग नसतं, घालू नका. चकतीला हलके ओरखडे असतील तर सपाट काचेवर बारीक ग्राइंडिंग पेस्ट घेऊन आठाच्या आकारात घासा, सीटही तशीच सपाट करून घ्या, पाव मिलिमीटरपेक्षा जास्त घासावं लागत असेल तर नवीन टाका. चकतीची खाचांची बाजू सीटवर, उलटी बसली तर नीट चालत नाही.

आपल्याकडं बोअरचं पाणी जड. सॉफ्टनरकडं दुर्लक्ष झालं आणि ब्लोडाउन (बॉयलरमधलं क्षाराचं पाणी बाहेर सोडणं) वेळेवर झाला नाही की बॉयलर फेस मारतो, ते क्षार वाफेबरोबर येऊन गाळणीत आणि सीटवर बसतात. महिन्याला गाळणी काढा, पांढरी पूड सापडली तर ट्रॅपला नाही, बॉयलरच्या पाण्याला धरा. आणि जिगरचं कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, टाकीत घ्यायच्या आधी एकदा काचेच्या ग्लासात धरून बघा. रंगाची झाक दिसली तर कॉइल फुटलीय, ते पाणी बॉयलरला जाता कामा नये, ताबडतोब गटारीला वळवा आणि कॉइल टेस्टला काढा.