दोन ऑपरेटरचं आयपी व्हॉइस नेटवर्क जोडायचंय? आधी कागद, मग केबल

टेस्ट कॉल लागला, पलीकडून हॅलो आलं, आणि लगेच ग्रुपवर मेसेज पडतो की इंटरकनेक्ट (दोन नेटवर्कची जोडणी) झाला. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता त्या मेसेजवर मी अंगठासुद्धा देत नाही. कॉल लागणं हा सगळ्यात सोपा भाग. कॉल न लागणं, अर्धवट लागणं, चुकीच्या कारणाने तुटणं, त्यावेळी दोन्ही बाजूंनी एकच अर्थ लावला का, खरं काम तिथे असतं.

जुन्या टीडीएमच्या (प्रत्येक कॉलला ठरलेली जागा देणारं पूर्वीचं तंत्र) काळात हे सोपं होतं असं नाही, पण तिथे निवडायला फार काही नसायचं. ६४ केबीपीएसचा टाइमस्लॉट, त्यावर आवाज, कॉल जोडायच्या सूचनांना एसएस७ वर आयएसयूपी, झालं. आयटीयूने (दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय संस्था) २००४ मध्ये वाय.२००१ या शिफारशीत नेक्स्ट जनरेशन नेटवर्कची व्याख्या केली, सगळं पॅकेटवर आणि सर्व्हिस वेगळी, ट्रान्सपोर्ट वेगळा. आणि सिग्नलिंगला, म्हणजे कॉल लावायच्या-तोडायच्या निरोपांना, आला एसआयपी. आता एसआयपीचा मुख्य आरएफसी (इंटरनेट स्टँडर्डचा कागद) ३२६१ वाचलात तर कळेल की त्यात ऑप्शनच ऑप्शन आहेत, हे चालेल, तेही चालेल, याला सपोर्ट असला तर बरं. म्हणजे दोन नेटवर्क शंभर टक्के स्टँडर्डप्रमाणे असूनही एकमेकांशी बोलणार नाहीत हे अगदी शक्य आहे. समोरचा म्हणतो आम्ही आरएफसी कम्प्लायंट, तुम्ही म्हणता आम्हीपण, आणि कॉल काही जात नाही.

म्हणूनच इंडस्ट्रीतल्या लोकांनी एकत्र बसून प्रोफाइल बनवली. प्रोफाइल म्हणजे नवीन स्टँडर्ड नाही, असलेल्या ऑप्शनपैकी कुठला घ्यायचा ते ठरवून टाकलेलं. पहिलं काम हे की तुमच्या जोडणीला कुठली प्रोफाइल लागते ते ओळखा. मोबाइल ऑपरेटर ते मोबाइल ऑपरेटर, म्हणजे दोन्हीकडे आयएमएस (आयपीवर कॉल चालवणारी यंत्रणा), तर थ्रीजीपीपीचं (मोबाइल स्टँडर्ड बनवणारी संस्था) टीएस २९.१६५ आणि त्यावर जीएसएमएचं (मोबाइल ऑपरेटरांची संघटना) आयआर.९५, आणि आयपीएक्सवरून (ऑपरेटरांमधलं खासगी आयपी नेटवर्क) जाणार असाल तर आयआर.३४ पण. इंटरनॅशनल होलसेल कॅरिअर असाल तर आयथ्री फोरमचे डॉक्युमेंट बघा. उत्तर अमेरिकेत एटिस आणि एसआयपी फोरमने मिळून आयपी-एनएनआय (नेटवर्क ते नेटवर्क) प्रोफाइल केलंय. कंपनीचा पीबीएक्स (ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज) ऑपरेटरला जोडायचाय तर एसआयपीकनेक्ट. हे शेवटचं मुद्दाम सांगतो कारण लोक दोन ऑपरेटरच्या जोडणीत एसआयपीकनेक्ट घेऊन बसतात, तो त्या कामासाठी नाहीये, रजिस्ट्रेशन वगैरे गोष्टी तुम्हाला तिथे लागणारच नाहीत.

प्रोफाइल ठरली की दुसरं काम, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं: फरकांचा तक्ता. दोन्हीकडचे इंजिनिअर (सेल्सवाले नाहीत, प्लीज) एका कॉलवर बसून प्रोफाइल कलमानुसार वाचतात आणि जिथे जिथे "आम्ही असं करत नाही" असेल ते लिहून काढतात. पहिल्या बैठकीत सगळे म्हणणार सगळं सपोर्टेड आहे. विश्वास ठेवू नका. त्यांच्या एसबीसीवरून (नेटवर्कच्या सीमेवर कॉल सांभाळणारा बॉक्स) बाहेर पडणारा एक खरा इन्व्हाइट (कॉल सुरू करणारा एसआयपी मेसेज) मागा, टेक्स्टमध्ये, आणि तुमचापण द्या. दोन इन्व्हाइट शेजारी शेजारी ठेवले की अर्ध्या तासात जे दिसतं ते तीन बैठकांत दिसत नाही.

त्यात काय बघायचं ते सांगतो. नंबरचा फॉरमॅट आधी. ई.१६४, म्हणजे प्लस, कंट्री कोड, जास्तीत जास्त १५ आकडे, दोन्ही दिशांना, कॉलिंग नंबर आणि कॉल्ड नंबर दोन्हीला. सगळे हो म्हणतात आणि मग ट्रेसमध्ये (पकडलेल्या मेसेजच्या नोंदीत) फ्रॉम हेडरला (हेडर म्हणजे मेसेजमधली माहितीची ओळ) प्लस आहे, पी-असर्टेड-आयडेंटिटीमध्ये (नेटवर्कने खात्री दिलेला कॉलर नंबर) नाही, आणि डायव्हर्शनमध्ये तर लोकल शून्य लावलेला नंबर. कॉलर आयडीसाठी कुठला हेडर खरा मानायचा ते लिहूनच घ्या. फॉरवर्ड झालेल्या कॉलला डायव्हर्शन वापरायचं की हिस्टरी-इन्फो तेही, कारण एकाने हा पाठवला आणि दुसरा तो वाचत असेल तर व्हॉइसमेल चुकीच्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये जातो.

नंबर पोर्टेबिलिटीचं लुकअप कोण करणार हा दुसरा भांडणाचा विषय. ज्याने लुकअप केलं त्याने एनपीडीआय (लुकअप झालंय अशी खूण) पॅरामीटर लावायचा, रूटिंग नंबर आरएनमध्ये टाकायचा, आणि पुढच्याने तो असेल तर परत लुकअप करायचं नाही. दोघांचे डेटाबेस वेगळ्या वेळी अपडेट होतात ना, मग आज सकाळी पोर्ट झालेला नंबर तुम्ही म्हणता त्यांचा आणि ते म्हणतात तुमचा, कॉल चेंडूसारखा इकडून तिकडे. मॅक्स-फॉरवर्ड्स (अजून किती टप्पे जाता येईल तो आकडा) ७० वरून कमी होत शून्याला येतो आणि ४८३ (फार टप्पे झाले) मिळून लूप तुटतो असं पुस्तक सांगतं, पण काही एसबीसी बॅक-टू-बॅक एजंट (आलेला कॉल स्वतः घेऊन पुढे नवा लावणारे) असल्यामुळे नवीन लेगवर पुन्हा ७० टाकून मोकळे होतात. मग लूप तुटतच नाही, एक कॉल शेकडो सेशन खातो. तेव्हा मॅक्स-फॉरवर्ड्स पुढे न्यायचा, रीसेट करायचा नाही, ही ओळ तक्त्यात हवीच.

कोडेकवर (आवाज डेटात बसवायची पद्धत) लोक खूप वेळ घालवतात, मी थोडक्यात सांगतो. जी.७११ हा दोघांकडे असतोच, तो शेवटचा आधार म्हणून ठेवा आणि ए-लॉ की म्यू-लॉ (त्याचे दोन प्रकार) ते ठरवा. एचडी आवाज हवा असेल तर एएमआर-वाइडबँड वरच्या क्रमांकावर, पण त्यात पॅकेटमधली मांडणी ऑक्टेट-अलाइन आहे की बँडविड्थ-एफिशियंट ते जुळवा, लिहिलं नसेल तर बँडविड्थ-एफिशियंट धरलं जातं. ट्रान्सकोडिंग (एका कोडेकमधून दुसऱ्यात बदल) कोण करणार ते लिहा, दोघांनी केलं तर आवाज दोनदा किसला जातो आणि बिल मात्र एकदाच निघतं. फॅक्ससाठी टी.३८ ठरलं असेल तर टेस्ट करा, नाहीतर सरळ फॅक्स चालणार नाही असं लिहून टाका, ते जास्त प्रामाणिक.

डीटीएमएफवर (कॉल चालू असताना दाबलेले आकडे) मात्र थांबतो, कारण इथे मी स्वतः पोळलोय. बँकेच्या आयव्हीआरसारख्या ठिकाणी एक दाबा, दोन दाबा, तो प्रकार. ठरलं होतं आरएफसी ४७३३, म्हणजे आकडा वेगळ्या टेलिफोन-इव्हेंट पॅकेटमधून, दोघांनी टिक केलं, जी.७११ वर टेस्ट झाली, पास. लाइव्ह झाल्यावर फक्त काही मोबाइलवरून आकडे जाईनात, काही म्हणजे नेमके नवे हँडसेट. एसडीपी (कोडेक आणि पत्ता सांगणारा मेसेजमधला भाग) उघडून बघितलं तर कॉल एएमआर-वाइडबँडवर होता, ज्याचं क्लॉक १६००० हर्ट्झ, आणि समोरून टेलिफोन-इव्हेंट फक्त ८००० चा येत होता. आवाज ज्या क्लॉकवर आहे त्याच क्लॉकचा टेलिफोन-इव्हेंट लागतो, म्हणजे वाइडबँड देणार असाल तर दोन ओळी द्यायच्या, एक ८००० ची, एक १६००० ची. तेव्हापासून माझ्या टेस्ट लिस्टमध्ये डीटीएमएफ प्रत्येक कोडेकला वेगळा आहे.

आता ट्रान्सपोर्ट, म्हणजे मेसेज कशावरून न्यायचे. पोर्ट ५०६० आणि यूडीपी (पोच न मागणारा प्रकार) असं सवयीने लिहिलं जातं. पूर्वी चालायचं, आताचा इन्व्हाइट फुगलेला असतो, हिस्टरी-इन्फो, लांब एसडीपी, आणि कॉलर आयडीच्या सहीचा आयडेंटिटी हेडर, जो एकटाच काहीशे बाइट खातो. आरएफसी ३२६१ मध्येच लिहिलंय की पाथचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइझ) माहीत नसेल आणि रिक्वेस्ट १३०० बाइटच्या वर गेली तर टीसीपीसारखा ट्रान्सपोर्ट वापरायचा. हे पाळलं नाही तर पॅकेटचे तुकडे होतात आणि मधला एखादा फायरवॉल दुसरा तुकडा गिळतो. लक्षण ओळखायला शिका: साधा कॉल जातो, फॉरवर्ड झालेला कॉल जात नाही, आणि एररही येत नाही, नुसती शांतता. टीसीपी किंवा ५०६१ वर टीएलएस (एन्क्रिप्टेड) पहिल्या दिवसापासून ठेवा.

सही म्हणजे स्टर-शेकन (कॉलर आयडी खरा असल्याची डिजिटल सही), आरएफसी ८२२४ वगैरे, अमेरिकेत मोठ्या व्हॉइस ऑपरेटरांना आयपी नेटवर्कवर ३० जून २०२१ पर्यंत लावायला सांगितलं होतं. तुमच्याकडे लागू असो नसो, जोडणीत दोन गोष्टी सांभाळा. एक, आयडेंटिटी हेडर मधल्या कोणी कापायचा नाही, आणि एसबीसीला डिफॉल्टमध्ये अनोळखी हेडर कापायची फार हौस असते. दोन, घड्याळं. सहीतली वेळ साधारण ६० सेकंदांपेक्षा जुनी असेल तर ती शिळी धरली जाते, म्हणून एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) दोन्हीकडे नीट हवा. रस्त्यात एक जरी टीडीएम तुकडा आला तर सही तिथेच संपली हे पण लक्षात असू द्या.

कपॅसिटीचं गणित सोपं आहे. जी.७११, २० मिलिसेकंदाचं पॅकेट, म्हणजे १६० बाइट आवाज आणि ४० बाइट आयपी-यूडीपी-आरटीपीचे, सेकंदाला ५० पॅकेट, ८० केबीपीएस एका दिशेला, इथरनेट धरून ८७ च्या आसपास. हजार कॉलला ८७ एमबीपीएस. जोडणी दोन ठिकाणी करा, आणि प्रत्येक ठिकाण एकट्याने पूर्ण लोड उचलेल एवढं ठेवा, नाहीतर दुसरं ठिकाण हे फक्त मनाचं समाधान. व्हॉइसला डीएससीपी ४६ (हे पॅकेट आधी सोडा अशी खूण) लावा आणि समोरचा ते पुसत नाही ना ते ट्रेसमध्ये बघा.

एक ठिकाण मेलंय हे कळणार कसं? ऑप्शन्स पिंगने, म्हणजे ठरावीक वेळाने पाठवलेल्या 'आहेस का' मेसेजने. तो नसेल तर तुमचा इन्व्हाइट मेलेल्या एसबीसीकडे जाऊन यूडीपीवर ३२ सेकंद उत्तराची वाट बघत बसतो, तोपर्यंत ग्राहकाने फोन ठेवलेला असतो. किती सेकंदांनी पिंग, किती चुकले की बंद धरायचं, आणि कुठलं उत्तर म्हणजे जिवंत, हे तिन्ही लिहा. तिसरं विचित्र वाटेल, पण समोरून ऑप्शन्सला ४०५ आला तर तो माणूस जिवंत आहे, बोलतोय, फक्त नाही म्हणतोय. तुमच्या एसबीसीने ते मेलेलं धरलं तर ट्रंक (जोडणीची लाइन) उगाच खाली जाते.

रिस्पॉन्स कोडचा तक्ता वेगळा करा. मूळ मुद्दा एकच, कुठल्या कोडवर पुढच्या रूटने प्रयत्न करायचा आणि कुठल्यावर थांबायचं. ४०४ म्हणजे नंबरच नाही, ४८६ म्हणजे बिझी, दोन्हीवर थांबा. ५०३ म्हणजे इथे जागा नाही, दुसरीकडे बघा. टीडीएमकडून येणारे क्यू.८५० चे कॉज (कॉल तुटल्याचे कारण-क्रमांक) यात बसवायचे, १७ चा ४८६, ३४ चा ५०३, त्यासाठी आरएफसी ३३९८ आहे, आणि शक्य असेल तिथे रीझन हेडरमध्ये मूळ कॉज पुढे पाठवा. एका जोडणीत समोरची मंडळी प्रत्येक नकाराला ५०३ देत होती, नंबर चुकला तरी ५०३. आमचा स्विच बिचारा प्रत्येक चुकीच्या नंबरसाठी चार रूट फिरून यायचा.

टेस्टिंगला बसाल तेव्हा दोन्हीकडे एकाच वेळी पीकॅप (पॅकेटचं रेकॉर्डिंग) चालू हवा, याशिवाय सुरूच करू नका. का ते सांगतो. एका इंटरकनेक्टला कॉल लागायचा, दोन्हीकडे आवाज सुंदर, आणि बरोब्बर ३२ सेकंदांनी कट. प्रत्येक वेळी ३२. तीन दिवस मेल चालू होते, आम्ही म्हणायचो आमच्याकडून सगळं ओके, ते म्हणायचे आमच्याकडूनपण ओके. शेवटी दोन्ही पीकॅप शेजारी ठेवले. त्यांच्या २०० ओकेमध्ये (कॉल उचलल्याचं उत्तर) कॉन्टॅक्ट हेडरला त्यांच्या आतल्या नेटवर्कचा प्रायव्हेट आयपी होता, आमचा अ‍ॅक (२०० ओके मिळाल्याची पोच) त्या पत्त्यावर निघायचा आणि हवेत विरायचा. त्यांचा सर्व्हर २०० ओके परत परत पाठवत राहायचा, आणि ५०० मिलिसेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंदांनी, कंटाळून बाय, म्हणजे कॉल बंद. म्हणून ३२ सेकंदांनी कॉल तुटला की आधी अ‍ॅक शोधा. एकाच बाजूने आवाज येत असेल तर एसडीपीतल्या सी ओळीचा पत्ता बघा. नेमक्या पंधरा किंवा तीस मिनिटांनी तुटत असेल तर सेशन टायमर (कॉल अजून चालू आहे का ते तपासणारा), १८०० सेकंदांचा असतो बऱ्याचदा, आणि त्याचा रिफ्रेश एकाला समजत नसतो.

टेस्ट लिस्टमध्ये चुकीचे प्रकार जास्त ठेवा: चुकीचा नंबर, बिझी, न उचललेला, रिंग वाजताना कॉलरने ठेवलेला, होल्ड करून परत घेतलेला, तासभर चाललेला, केबल काढल्यावरचा. आणि एक १८३ (कॉल पुढे सरकतोय) नंतर १८० (रिंग वाजतेय) येणारा, कारण तिथे ऑपरेटरची अनाउन्समेंट ऐकू यायची की फोनची स्वतःची रिंग याचा गोंधळ ठरलेला. इमर्जन्सी नंबर या ट्रंकवर बिलकुल यायला नकोत, तेही लावून बघा. शेवटी त्या दिवसाचे सीडीआर (कॉलच्या बिलिंगच्या नोंदी) दोघांनी काढून सेकंदाला सेकंद जुळवा, बिलिंगवाल्यांना पहिल्या महिन्यात भांडायला लावू नका.

लाइव्ह जाताना एक छोटी नंबर रेंज आधी वळवा, दोन-तीन दिवस आन्सर रेशो (शंभरातले किती कॉल उचलले गेले) आणि कॉलची सरासरी लांबी जुन्या ट्रंकशी ताडून बघा. आन्सर रेशो ठीक पण लांबी अचानक कमी झाली तर कुठेतरी आवाज जात नाहीये, लोक हॅलो हॅलो करून ठेवतायत. रात्री तीनला उचलला जाणारा दोन्हीकडचा एनओसीचा (नेटवर्कवर लक्ष ठेवणारं केंद्र) नंबर तक्त्याच्या पहिल्या पानावर टाका, आणि तो एकदा खरंच रात्री तीनला लावून बघा. जुनी टीडीएम ट्रंक निदान एक बिलिंग सायकल तरी तशीच राहू द्या.