सातबाऱ्यावर अ.पा.क. दिसलं की विसार देऊ नका

नाशिकला जमीन घ्यायची म्हटलं की लोक रस्ता बघतात, पाणी बघतात, झोन दाखला काढतात, पण सही करणाऱ्याचं वय किती आणि डोकं ठिकाणावर आहे का हे कोणी बघत नाही. आमच्या मामांनीही नाही बघितलं. दिंडोरीकडची जमीन, भाव जमला, सीबीएसजवळ चहा पिता पिता विसार पावती झाली आणि घरी येऊन सातबारा नीट वाचला तर एका नावापुढे अ.पा.क. आई! म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई, मालक अज्ञान (18 च्या आतला) आणि त्याचं बघणारी आई, पोरगा तेव्हा सोळाचा. पैसे सुटायला दीड वर्ष गेलं, मामी अजून ऐकवते.

तर आधी सातबारा, जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा आणि तरुण हिस्सेदारांचे शाळा सोडल्याचे दाखले मागा. 18 पूर्ण नसतील तर पोराने स्वतः केलेला करार मुळातच रद्द, 1872 च्या करार कायद्याचं कलम 11. प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्येच मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष केसमध्ये हे सांगून टाकलंय, तिथे पोराने घर गहाण टाकून कर्ज काढलेलं, गहाणखत तर गेलंच पण सावकाराचे पैसेही गेले. आणि "18 चा झाला की हाच कागद पक्का करू" असं एजंट म्हणतात ना, तसं होत नाही, नवीन करार नवीन मोबदल्यावरच करावा लागतो.

मग आईने सही केली तर? हिंदू कुटुंबात अज्ञानाच्या नावावरची जमीन विकायला आईबापालाही आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते (1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, कलम 8), आणि ती पोराची गरज किंवा स्पष्ट फायदा दिसला तरच मिळते. परवानगीशिवाय घेतली तर पोरगा 18 चा झाल्यावर 3 वर्षांत दावा लावून व्यवहार रद्द करून घेऊ शकतो, तोवर तुम्ही तिथे बंगला बांधून बसलेले. एकत्र कुटुंबाचा न वाटलेला हिस्सा असेल तर नियम वेगळा, तो वकिलालाच विचारा. पोरगा आता सज्ञान असेल तर फार काही नाही, वयाचा पुरावा देऊन तलाठ्याकडे अ.पा.क. शेरा कमी करायला अर्ज टाकायला सांगा आणि खरेदीखतावर त्याचीच सही घ्या.

आता म्हातारी माणसं. करार कायद्याचं कलम 12 बघतं ते सहीच्या वेळी काय स्थिती होती ते, माणसाला व्यवहार कळतोय का आणि त्यात आपलं भलं की नुकसान हे ठरवता येतंय का. एरवी भ्रम होणारा माणूस शुद्धीवर असताना करार करू शकतो, पण ते सिद्ध करणं तुमच्या गळ्यात येतं. म्हणून मुलांना बाहेर बसवून आजोबांशी स्वतः बोला, कुठली जमीन, किती पैसे, कशाला विकताय, आणि त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या.

"आजोबांना काही कळत नाही, पण माझ्याकडे त्यांचं मुखत्यारपत्र आहे" असं पोरगा म्हणाला तर तिथेच थांबा. देणाऱ्याची समज गेली की करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे मुखत्यारी संपते, मग त्या पत्रावर कितीही शिक्के असू देत.