गूगलने माझं वर्णन का गाळलं?

वेबसाइटच्या कामात मी नवीन होतो, तेव्हा पदरात पडलेलं पहिलं काम म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन लिहिणं. पानाच्या कोडमध्ये दडलेली, शोधनिकालात पानाच्या नावाखाली दिसावी म्हणून लिहिलेली ती दोन ओळींची ओळख. जाहिरात लिहावी तशी एकेक ओळ घासूनपुसून लिहिली. काही दिवसांनी गूगलवर बघतो तर माझी ओळ गायब! तिच्या जागी पानाच्या मधल्याच परिच्छेदातलं अर्धवट वाक्य. एका पानाखाली तर चक्क कुकीजची परवानगी मागणारी सूचना झळकत होती.

मी तक्रार घेऊन गेलो, तर टीममधल्या ताईंनी एवढंच विचारलं, “शोधताना टाइप काय केलं होतंस?” मी एक लांबलचक प्रश्न टाइप केला होता. त्यांनी फक्त वेबसाइटचं नाव टाकलं आणि माझी ओळ जशीच्या तशी समोर आली. पान तेच, वर्णनं दोन. निकालाखालचा मजकूर, म्हणजे स्निपेट, पानाला कायमचा चिकटवलेला नसतो. तो शोधणाऱ्याच्या शब्दांप्रमाणे दर वेळी निवडला जातो आणि मुख्यतः पानावरच्या मजकुरातूनच उचलला जातो. मेटा डिस्क्रिप्शन जास्त चपखल वाटलं तर ते घेतात, नाहीतर नाही. माझ्या ओळीत त्या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं, नुसतं ‘आमच्याकडे सर्व माहिती मिळेल’ होतं. मग गूगलने ती का दाखवावी?

आणखी एक गैरसमज लवकर टाकून द्या: ही ओळ चांगली लिहिली म्हणून पान वर चढत नाही. गूगल क्रमवारीसाठी ती धरत नाही. ती वाचून कुणी क्लिक करेल, इतकाच तिचा उपयोग. (मेटा कीवर्ड्सचं, म्हणजे कोडमध्ये लिहून ठेवलेल्या शोधशब्दांच्या यादीचं, तर नावही काढू नका. क्रमवारीसाठी ते वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय.)

जुन्या साइटच्या कोडमध्ये ‘नोओडीपी’ असा टॅग, म्हणजे गूगलसाठीची सूचना, दिसला तर गोंधळू नका. डीमॉझ नावाची, स्वयंसेवकांनी चालवलेली वेबसाइटची एक यादी १९९८ पासून होती. गूगल कधीकधी तिच्यातली वर्णनं उचलायचं. ते नको असेल तर हा टॅग. २०१७ मध्ये यादीच बंद पडली, टॅग मात्र अजून कुठेकुठे मुक्काम ठोकून आहेत.

लांबीचं विचाराल, तर ठरलेली मर्यादा नाही. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मजकूर कापला जातो. २०१७ च्या अखेरीस गूगलने स्निपेट बरेच लांब केले, लोकांनी धावपळ करून वर्णनं वाढवली, आणि २०१८ च्या मे महिन्यात ते पुन्हा आखूड झाले. त्यात मराठीत अक्षरमोजणी आणखीच फसवी. ‘स्त्री’ डोळ्यांना एक अक्षर दिसतं, संगणक मात्र त्यात ६ चिन्हं मोजतो. म्हणून मोजत बसण्यापेक्षा कामाची गोष्ट पहिल्या सात-आठ शब्दांत आणा.

नको असलेला मजकूर रोखायचा असेल, तर त्या तुकड्याला डेटा-नोस्निपेट ही ‘हे स्निपेटमध्ये घेऊ नका’ असं सांगणारी कोडमधली खूण लावा. कुकीजच्या सूचनेचा बंदोबस्त आम्ही तसाच केला. अख्ख्या पानासाठी नोस्निपेट आहे, लांबी बांधायला मॅक्स-स्निपेट. इथे मी एकदा तोंडावर आपटलो. एका पानाला नोस्निपेट लावलं आणि वर खबरदारी म्हणून रोबोट्स फाइलमध्ये (कोणती पानं वाचायची नाहीत ते सांगणारी फाइल) ते पान क्रॉलरला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामला, बंदही केलं. आता दारच लावलंय म्हटल्यावर आतली चिठ्ठी क्रॉलर वाचणार कशी? पान निकालात दिसतच राहिलं, खाली ‘या पानाची माहिती उपलब्ध नाही’ अशा अर्थाच्या ओळीसह. ते पाहून तर कुणीच क्लिक करणार नाही.

त्या पहिल्या पानाचं पुढे काय केलं? मेटा डिस्क्रिप्शनला हातच लावला नाही. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात लोक कोणते शब्द टाकून त्या पानावर येतात ते पाहिलं आणि चौथ्या परिच्छेदात पुरलेलं उत्तर दोन सरळ वाक्यांत वर आणलं. क्रॉलर पुन्हा फिरकल्यावर त्या प्रश्नाखाली तीच दोन वाक्यं दिसू लागली. माझी घासूनपुसून लिहिलेली ओळ अजून कोडमध्येच आहे. कुणी साइटचं नाव टाकून शोधलं, की तेवढ्यापुरती बाहेर येते.