भारी रानात शाळूचा वाण निवडताना या चुका टाळा

गणपती उठले की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एकच प्रश्न सुरू होतो : "यंदा शाळूत कोणतं बी चाललंय?" दुकानदार जास्त खपणाऱ्या पिशवीचं नाव सांगतो, पिशवी गाडीला लागते आणि वाण ठरतो. रान किती खोल आहे आणि पाणी देणार की नाही, हे कुणी विचारतच नाही. शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, निम्मं गणित तिथेच फसतं.

काळं रान म्हणजे भारी रान?

वाणांच्या शिफारशी मातीच्या खोलीवर असतात. मातीचा थर 30 सेंमीपर्यंत असेल तर जमीन हलकी, 60 सेंमीपर्यंत मध्यम आणि त्याच्या पुढे भारी. सोलापूर, बीड, अहिल्यानगर भागात काळ्याभोर मातीखाली दीड फुटावर मुरूम लागतो अशी रानं भरपूर आहेत. बांधावरून ती भारीच वाटतात. त्यामुळे पेरणीआधी रानात तीन-चार ठिकाणी खड्डे घ्या. खड्ड्याच्या कडेला काळी माती संपून चुनखड किंवा मुरूम जिथे सुरू होतो, तिथपर्यंत टेप लावा. उताराच्या रानात वरच्या बांधाला फूटभर माती आणि खालच्या तालीला चार फूट, हे नेहमीचंच. अशा अख्ख्या गटात एकच बी टाकू नका. वरच्या पट्ट्याला फुले अनुराधा किंवा फुले माउली आणि खालच्या पट्ट्याला फुले वसुधा, अशी विभागणी करा. दोन पिशव्या घ्यायचा कंटाळा महागात पडतो.

हे एवढं ताणून सांगायचं कारण असं की कोरडवाहू शाळू पावसावर येत नाही, मुरलेल्या ओलीवर येतो. फुले अनुराधा साधारण 105 ते 110 दिवसांत उरकतो. हलक्या रानात ओल संपायच्या आत दाणा भरून घेणं, हीच त्याची हुशारी. तोच भारी रानात टाकला तर खाली ओल शिल्लक असताना पीक पिवळं पडून मोकळं होतं. उलट 116 ते 120 दिवसांचा वसुधा हलक्यावर टाकला की कणीस पोटरीतून (पानाच्या फुगीर वेष्टनातून) नीट निसवत नाही, म्हणजे बाहेर पडत नाही, निसवलं तरी दाणा बारीक राहतो. मग गावभर बोलणं सुरू : "बी बोगस निघालं."

मालदांडीचा हट्ट

मालदांडी 35-1 हा सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलेला वाण. भाकरी गोड, कडबा जनावरं आवडीने खातात, बाजारात या नावावर चांगला भाव. पण त्याची शिफारस मध्यम जमिनीसाठी आहे. खोल रानात फुले वसुधा, फुले यशोदा, सीएसव्ही 22, पीकेव्ही क्रांती हे वाण जास्त उतारा देतात, कारण तिथली ओल त्यांना वापरता येते. मंगळवेढ्याची गोष्ट वेगळी. तिथल्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि त्या नावावर माल विकणाऱ्याने मालदांडी सोडायचं काही कारण नाही. बाकीच्यांनी घरच्या भाकरीपुरती मालदांडी ठेवून उरलेल्या भारी रानात सुधारित वाण घ्यावा, असं माझं मत.

आणखी एक हट्ट दिसतो, तो खरिपाचं हायब्रीड रब्बीत पेरण्याचा. ते थंडीला आणि खोडमाशीला टिकत नाही. रब्बीसाठी संकरित हवंच असेल तर सीएसएच 15 आर आहे.

एक-दोन पाणी देणार की चार?

विहिरीला पाणी असेल तर भारी रानात फुले रेवती घ्या. हा बागायती वाण आहे, कोरडवाहूत त्याच्याकडून अपेक्षा धरू नका. पाण्याची खात्री नसेल तर वसुधा बरा, तो दोन्हीकडे चालतो. पाण्याच्या वेळा : 28 ते 30 दिवसांनी, 50 ते 55 दिवसांनी म्हणजे पोटरीत, 70 ते 75 दिवसांनी फुलोऱ्यात आणि 90 ते 95 दिवसांनी दाणे भरताना. भारी रानात शेवटच्या पाण्याची बहुधा गरज पडत नाही. हौसेने चौथं पाणी आणि वर युरियाचा मारा केला की पीक लोळतं, मग दोष वाणाच्या माथी.

वाणाचं नाव आणि दुसऱ्याचं पाप

शाळू लोळला की ताट उपटून खालचं पेर चिरून बघा. आतला गर जाऊन नुसते धागे राहिलेत आणि धाग्यांवर काजळीसारखे बारीक काळे कण दिसतायत, तर तो खडखड्या, बुरशीचा रोग. फुलोऱ्यानंतर ओल तुटली की ही बुरशी जोर करते, दाट पेरणी आणि जादा नत्राने आणखी. भारी रान भेगाळतं आणि ओल त्या भेगांतून उडून जाते. म्हणून आठव्या आठवड्यातली तिसरी कोळपणी (ओळींमधली माती हलवणं) दातेरी कोळप्याने करतात, भेगा मातीने बुजाव्यात म्हणून. वसुधा पेरला आणि ही कोळपणी चुकवली तर वाण तरी काय करणार?

रोपांचे पोंगे (मधला कोवळा शेंडा) सुकले तर ती खोडमाशी. पेरणी वेळ सोडून झाली की ती हमखास सतावते. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा काळ धरा. भारी रानाला परतीच्या पावसात वाफसा (पेरता येईल इतपत ओल) लवकर येत नाही, चिखलात पेरणीची तिफण घालायची घाई मात्र नको. माती दाबली जाते आणि उगवण तुटक होते. पाणी साचून पीक पिवळं राहत असेल, तर जमीन चोपण (क्षारांमुळे घट्ट, निचरा न होणारी) झालीय का ते माती परीक्षणातून तपासा. तसं असेल तर आधी चर काढायला लागतील, बी बदलून भागणार नाही.

बियाणं हेक्टरी 10 किलो पुरतं. अंतर 45 बाय 15 सेंमी ठेवा आणि विरळणी टाळू नका. सुधारित वाणाचं घरचं बी तीन-चार वर्षं चालतं. कणसं उभ्या पिकातूनच निवडा, खळ्यावरच्या ढिगातून नाही. दाण्याच्या जागी काळी भुकटी दिसलेलं एकही कणीस त्यात येता कामा नये, ती काणी बियाण्यातून पुढच्या साली परत उगवते. पेरणीआधी किलोला 4 ग्रॅम या प्रमाणात 300 मेशचं (बारीक पूड केलेलं) गंधक बियाण्याला चोळा, दुकानातून आणलेल्या पिशवीवर प्रक्रिया केल्याचं छापलेलं नसेल तर तिलाही.