मालवणहून एका दिवसाच्या सहली आणि पुढचा प्रवास

मालवणात उतरल्यावर पहिली सकाळ सिंधुदुर्गासाठी राखावी. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. आतील शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून तटावरून फिरायचे, तर ऊन चढण्याआधीच जेट्टीवर पोहोचलेले बरे. परतीची वेळ होडीवाल्याकडून आधीच नक्की करून घ्यावी. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा केवळ किल्ल्यासाठी त्या दिवसांत येऊ नये.

या किनाऱ्यावर नकाशातील सरळ अंतरावर विसंबू नये, कारण मध्ये खाड्या आहेत. देवबागच्या टोकावर उभे राहिले की कर्ली नदीपलीकडे भोगवे समोर दिसते. होडीने ते अगदी जवळ आहे, मात्र गाडीने मागे येऊन बराच वळसा घ्यावा लागतो. म्हणून तारकर्ली आणि देवबाग एका दिवशी पाहावे आणि भोगवे, निवती दक्षिणेकडच्या प्रवासासाठी ठेवावे.

उत्तरेला आचऱ्याचे रामेश्वर मंदिर आणि कुणकेश्वर पाहून संध्याकाळी आरामात परतता येते. त्याच दिवसात विजयदुर्गही उरकण्याचा मोह मात्र टाळावा. ज्यांना पुढे रत्नागिरीकडे जायचे आहे, त्यांनी सामान घेऊनच निघावे, देवगडमार्गे विजयदुर्ग पाहावा आणि तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग गाठावा. मालवणला परत येण्याचे कारणच उरत नाही.

मालवणला रेल्वे नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग (ओरोस) आणि कणकवली ही सोयीची स्थानके आहेत. त्यांपैकी मी कुडाळ निवडेन, कारण चौकेमार्गे जाणाऱ्या रस्त्यावर धामापूरचा तलाव लागतो. १५३० मध्ये बांधलेला हा तलाव आणि काठचे भगवती मंदिर घाईत पाहण्यासारखे नाही. हाती वेळ असल्यास वालावलचे लक्ष्मीनारायण मंदिर आणि कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांची चित्रकथी व कळसूत्री बाहुल्याही पाहता येतात. एसटीने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की कुडाळचे बसस्थानक आणि रेल्वे स्थानक लागून नाहीत. मध्ये रिक्षा करावी लागते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, त्यामुळे जुन्या वेळेच्या भरवशावर निघू नये. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगाने नव्हे, तर देवीच्या कौलाने ठरते. ती जाहीर झाली की गाड्या आणि खोल्या भराभर भरतात, म्हणून हिवाळ्यातील बेत आखताना तिची चौकशी करावी.

गोव्याला जाताना वेळ असेल, तर महामार्ग सोडून परुळे, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी असा किनाऱ्याचा रस्ता धरावा. रेडीपुढे तेरेखोलचा किल्ला येतो. तो नदीच्या उत्तर काठावर असला, तरी गोव्याच्या हद्दीत आहे. तेथून फेरीबोटीने केरीला उतरता येते. फेरी चालू आहे की नाही, याची विचारपूस रेडीतच करावी, कारण ती बंद असल्यास आरोंद्याच्या पुलावरून जाण्यासाठी तेथूनच मागे वळणे सोपे पडते.